वास नसलेलं घर

हॉटेलच्या धुलाईखान्यात एक भिंत होती. त्या भिंतीच्या कुठल्या बाजूला तुम्ही उभे आहात, यावर तुमचा मान ठरायचा. मोठाली धुलाईयंत्रं त्या भिंतीतच बसवलेली. अलीकडच्या दारातून मळकं आत ढकलायचं, पलीकडच्या दारातून धुतलेलं ओढून काढायचं. मळक्या बाजूच्या माणसाने धुतल्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. दार वेगळं, अंगावरचे कपडे वेगळे, चहाचे पेलेसुद्धा वेगळे.

तिची उमेदीची वर्षं मळक्या बाजूला गेली. माणसं स्वतःच्या घरी जे करायला लाजतील ते हॉटेलच्या चादरीवर बिनदिक्कत करतात, हे ज्ञान तिला तिथेच झालं. ओकलेलं उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवणारे. टॉवेलने बूट पुसणारे. पायाची नखं कापून ती रुमालात नीट बांधून ठेवणारे, जणू परत येऊन ताब्यात घेणार आहेत. चादर हातात आली की ती आधी हुंगायची, मग त्या त्या डागाच्या टोपलीत टाकायची, आणि सहसा तिची टोपली चुकत नसे. त्यावरून सगळे तिला नाकवाली म्हणायला लागले. याच नाकाने तिला भिंतीपलीकडे नेलं, थेट घडी घालायच्या शेवटच्या टेबलावर. तिथून सुटलेली चादर पाहुण्याच्या पलंगावरच जायची. नाकवाली घडी घालता घालता एक श्वास घ्यायची, आणि तो श्वास म्हणजे हॉटेलचा शिक्का.

त्या टेबलाची अट एकच. तिथे उभ्या राहणाऱ्या बाईला स्वतःला कसलाही वास असता कामा नये. तिच्या आधी तिथे जी होती, ती मासळी वाळवतात त्या वस्तीत राहायला गेली. एका पाहुण्याने उशीबद्दल तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी ती बाई भिंतीच्या अलीकडे. रडली, हातापाया पडली. सुपरवायझरबाई म्हणाल्या, "मी काय करू गं? वास काही वशिल्याने जात नाही."

म्हणून घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली, तेव्हा नाकवालीला आधी आठवलं ते हे टेबल.

खोली हॉटेलच्या मागच्याच गल्लीत होती. एक खोली, एक अंधारा स्वयंपाकाचा कोपरा, त्यात ती, तिचा लिफ्टदुरुस्ती करणारा नवरा आणि सासू. मालक दारातच उभा राहून बोलला. बसा म्हटलं तरी बसला नाही, खुर्चीकडे असं पाहिलं की जणू खुर्चीच त्याच्या अंगावर बसणार आहे.

"आता या खोल्या पर्यटकांना द्यायच्यात. रात्रीपुरत्या. जग बदललंय हो, मी काय करणार?"

"आणि आम्ही कुठे जायचं?"

"बाहेर! शहराबाहेर काय एकेक घरं झालीत! हवा काय, उजेड काय!"

"मग तुम्हीच का जात नाही?" सासूने आतून विचारलं.

मालक हसला. त्या हसण्यात तोंडातल्या सुपारीचा लाळेरा वास होता, तो नाकवालीला दिवसभर पुरला.

*

दर आठवड्याच्या सुट्टीला मग घरं बघणं सुरू झालं. दलाल त्यांना गाडीतून न्यायचा. गाडीत आरशाला वासाचं पुठ्ठ्याचं झाड टांगलेलं, त्याच्याखाली सिगारेटचा वास, त्याच्याखाली कुणीतरी लहान मूल कधीतरी ओकलं होतं त्याचा. नाकवाली काच खाली करून डोकं बाहेर काढून बसायची. लिफ्टवाला पुढे बसायचा आणि दलालाच्या प्रत्येक वाक्याला मान हलवायचा. सासू मागे, खुशीत. तिचं नाक एका तापात कायमचं गेलेलं. तिला सगळी घरं आवडायची. खिडकीतून येणारी-जाणारी माणसं दिसली की झालं.

"वहिनी, मी सरळ माणूस आहे," दलाल म्हणायचा. "आहे ते आहे, नाही ते नाही."

पहिलं घर कोंबड्या कापायच्या दुकानावर होतं. जिन्याच्या कठड्याला हात लावला तर पिसं चिकटून आली. हात झटकला तरी सुटेनात.

"ताजी अंडी हाताशी!" दलाल म्हणाला.

"आणि आतडी पायाशी," नाकवाली म्हणाली आणि उतरली.

दुसरी नवी वसाहत. दारात मोठा फलक, फलकावर तळं, तळ्यात पांढरी बदकं, काठावर हसरं कुटुंब. मागच्या बाजूला खरंच तळं होतं. हिरवंगार, जाड, वर पिवळा फेस आणि फेसात अडकलेली चप्पल. मधूनच तळाचा एक बुडबुडा वर यायचा आणि सावकाश फुटायचा, पोट बिघडलेल्या माणसासारखा.

"बदकं कुठायत?" सासूने विचारलं.

"यायचीत, मावशी."

"नका आणू," नाकवाली म्हणाली. "मरतील बिचारी."

तिसऱ्या घरात आधीच्या भाडेकरूने फ्रिज सोडला होता. "फ्रिज फुकट!" असं म्हणून दलालाने तो उघडला. वीज केव्हाची तोडलेली, आत काहीतरी राहिलेलं. ते काय होतं हे कुणालाच कळलं नाही, कारण आता त्याला आकार नव्हता, फक्त लव होती. दलाल स्वतःच खिडकीशी धावला. खिडकीच्या चौकटीवर एक कंगवा होता, केसांसकट.

परतताना लिफ्टवाला भडकला. "सगळ्यांना नाकं असतात. तुझंच काय एवढं? नाकासाठी आता महाल आणू?"

"महाल नको. पत्र्याचं चालेल, नळ खाली असला तरी चालेल, भिंतीला रंग नसला तरी चालेल. फक्त वास नको. माझं टेबल जाईल."

"टेबल, टेबल! टेबलावर झोपणार आहोत का आपण?"

"ते टेबल आहे म्हणून आपण जेवतोय," ती म्हणाली. "तुमच्या लिफ्ट दिवसभर लोकांना वर नेतात आणि तुम्ही संध्याकाळी तळमजल्यावरच उतरता."

 दलालाने पुठ्ठ्याच्या झाडाला उगाच टिचकी मारली. मग तिरक्या नजरेने लिफ्टवाल्याकडे पाहिलं, आणि लिफ्टवाल्याने त्याच्याकडे. नाकवालीचं डोकं बाहेर होतं. तिला ते दिसलं नाही.

तोवर मालकाने जिन्यातला दिवा काढून नेला होता. शेजारच्या खोलीत फरश्या फोडायचं काम सुरू झालं. सासूच्या ताटात चुन्याची भुकटी पडायची आणि ती म्हणायची, "मीठ जास्त झालंय गं."

*

चौथं घर शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे होतं. तिमजली इमारतींची एक लांबलचक रांग, सगळ्यांच्या सज्ज्यात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. दलालाने बजावलं होतं, "दुपारीच या. सकाळी मला दुसरी पार्टी आहे."

नाकवाली आत शिरली आणि थबकली. मग कामाला लागली. मोरीच्या जाळीशी वाकली, नाक टेकवलं. स्वयंपाकाच्या ओट्याखाली डोकं घातलं. कपाटाची दारं एकेक करून उघडली, कोपऱ्यांत श्वास घेतला. भिंतीला गाल लावून उभी राहिली. दलाल, सासू, नवरा तिघंही दारात उभे राहून परीक्षेचा निकाल लागावा तसे बघत होते.

काहीच नाही. ना ओलीचा, ना नाल्याचा, ना माणसांचा. कोऱ्या चादरीसारखं घर. तिने आयुष्यात इतकं रिकामं काही हुंगलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तिची तिलाच लाज वाटली.

"घ्या," ती नवऱ्याला म्हणाली. "हेच घ्या."

नेहमी घाई करणारा माणूस, पण आत्ता बुटाचं टोक बघत होता. "नक्की ना? बघ हं. मागाहून म्हणशील—"

"नाही म्हणणार."

"वहिनींच्या नाकाने पास केलंय," दलाल म्हणाला, "आता मला काळजी नाही."

"खिडकी छान आहे," सासू म्हणाली, आणि कंबर धरून तिथेच खाली बसली.

*

राहायला आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी नाकवालीला जाग आली ती जिभेने. जिभेवर काहीतरी चिकट, तुपकट बसलं होतं. तिने तोंड धुतलं, गेलं नाही. मग तो नाकात आला. शिजलेली हाडं, जळके केस, जुनी चरबी, खुरं, आणि या सगळ्याच्या खाली एक गोडसर, कुजकी झाक. वास म्हणावा इतका तो हलका नव्हता. तो अंगाला हात लावत होता.

ती सज्ज्यात धावली. अख्ख्या रांगेत बाया दोऱ्यांवरचे कपडे ओढून आत फेकत होत्या. खिडक्या धडाधड बंद होत होत्या. कुणी ओरडत नव्हतं, कुणी शिव्या देत नव्हतं. रोजची कवायत असावी तसं चाललं होतं.

"काय झालं हो?" तिने शेजारणीला विचारलं.

शेजारणीच्या तोंडाला फडकं होतं. "वारा आलाय, ताई."

"वारा म्हणजे? हा वास कसला?"

शेजारणीने असं पाहिलं, जणू तिने चारचौघांत काहीतरी अश्लील बोलून दाखवलं. "वारा," ती पुन्हा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मागाहून कळलं. कोरड्या ओढ्यापलीकडे हाडं उकळून चिकटवायचा सरस काढायचा कारखाना होता. सकाळचा वारा तिकडून इकडे यायचा, दुपारी उलटा फिरायचा. वसाहतीत त्या वासाचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. घरं आधीच स्वस्त, त्यात बोभाटा झाला तर आणखी पडायची. आणि ज्यांनी कर्ज काढून घेतली होती ते कुठे जाणार? म्हणून सगळे वारा म्हणायचे. "आज वारा जोरात आहे." "पाहुणे यायचेत, आणि नेमका वारा!" पोरंसुद्धा वारा वारा म्हणत नाक दाबून खेळायची.

तिने दलालाला फोन लावला.

"वहिनी, वारा काय माझ्या हातात आहे?"

"तुम्हाला माहीत होतं!"

"मला माहीत असून काय उपयोग? तुम्ही माझ्यासमोर मोरीत नाक घातलंत. भिंत हुंगलीत. मी म्हटलं होतं का नका हुंगू? आणि करार वर्षाचा आहे हं. मध्येच सोडलंत तर अनामत विसरा."

तिने फोन ठेवला आणि तोच हात नळाखाली धरला, बराच वेळ.

बस शहरात शिरताना वाटेत चढणारी माणसं मागच्या बाकांकडे यायचीच नाहीत. जागा असून उभी राहायची. शेवटच्या थांब्यावरून बसलेली सगळी माणसं खिडकीबाहेर बघत राहायची, एकमेकांकडे नाही. नाकवाली हॉटेलात पोचून हात धुवायची, केस पुसायची. आठवडा धड गेला नाही. सुपरवायझरबाई टेबलाजवळून गेल्या, चार पावलं पुढे जाऊन थांबल्या आणि मागे आल्या.

"राहायला कुठे गेलीस गं?"

नाकवालीने सांगितलं.

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातातली चादर दोन बोटांनी उचलली आणि मळक्या टोपलीत टाकली. तिनेच धुतल्या बाजूला पास केलेली चादर. "उद्यापासून तिकडच्या दाराने ये."

*

"या, या नाकवालीबाई! माहेरी आलात!" मळक्या बाजूच्या मुकादमीणबाईंनी हात पसरले. त्यांचे हातमोजे कोपरापर्यंत कशाने तरी माखले होते. "आमच्याकडे वासाचं काही नाही बाई. इथे सगळेच एका माळेचे. गोणी उघड."

ती गोणी उघडायला लागली. हात पुन्हा शिकले, मन शिकेना. पूर्वी ती हे सगळं नुसतं काम म्हणून करायची. आता एकेका चादरीला बोट लावताना तिच्या घशाशी यायचं. कुणाचं रक्त, कुणाची थुंकी, कुणाचं चघळून चिकटवलेलं च्युइंगगम. हे लोक शहरात राहू शकतात, आणि ती नाही. ती यांची घाण काढते, आणि तिच्याच अंगाला वास येतो म्हणून ती बाहेर.

धुलाईखाना आता आसपासच्या लहान लॉजांचंही काम घ्यायचा. एका गोणीत तिला पडदा सापडला. निळी किनार, आतून दुहेरी शिवण. हॉटेलच्या फाटक्या चादरींचा तिने स्वतः शिवलेला पडदा, जुन्या खोलीच्या खिडकीचा. मालक म्हणाला होता, राहू दे, खिडकी उघडी दिसेल. पडद्याला कुणीतरी ओठांची लाली पुसली होती आणि खाली कडेला बूट. तिने तो तोंडाशी नेला. ओल्या भिंतीचा, जुन्या लाकडाचा, मोरीच्या कोपऱ्याचा एक घट्ट, कोंदट वास आला.

"शी!" ती म्हणाली. "हा कुठला वास?"

मग कळलं. हा तिच्या घराचा वास होता. इतकी वर्षं ती त्यात झोपली, जेवली, आणि छातीवर हात ठेवून सांगत आली की आमच्या घराला वास नाही. तिला तो कधी आलाच नव्हता.

हे तिने तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं. पण दोनच आठवड्यांनी मागच्या दाराशी सॉफ्टनरचे निळे डबे उतरवले. धुण्याच्या शेवटच्या पाण्यात टाकायचं ते औषध. ते फक्त धुतल्या बाजूला लागतं. एका डब्याचं झाकण सैल होतं. नाकवालीच्या नाकात एकदम फुलांचा भपकारा गेला, कधीही न उमललेल्या फुलांचा, साखरेत बुडवलेल्या.

"हे काय आणलंय हो? डोकं उठलं."

मुकादमीणबाई हसत सुटल्या. "काय झालंय काय तुला? तुझाच सॉफ्टनर! आमच्या बाजूने गेलीस की पदराचा घमघमाट मागे राहायचा. आम्ही म्हणायचो, आली वाटतं महाराणी."

नाकवाली हसली नाही. धुतल्या बाजूला गेल्यापासून तिला हा वास एकदाही आला नव्हता. तो तिच्या हातांत होता, केसांत होता, घरीही होता; उरलेलं औषध बाटलीत भरून ती घरी न्यायची, घरचे कपडेही त्यातच बुडवायची. नाक त्याला इतकं सरावलं होतं की तिच्यासाठी तो वासच नव्हता. कोरं म्हणजे हाच.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने चप्पलही काढली नाही. कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या कोपऱ्यात श्वास घेतला. फुलं. मोरीच्या जाळीशी वाकली. हाडांच्या खाली, अगदी तळाशी, फुलं. ओट्याखाली फुलं.

"अहो," ती म्हणाली.

लिफ्टवाला जेवत होता. त्याने वर पाहिलं आणि त्याचा घास तिथेच थांबला.

"माझ्या बाटल्या कुठे गेल्या होत्या, आपण घर बघायला आलो त्या आठवड्यात?"

"सांडल्या असतील."

"कुठे सांडल्या? या भिंतीवर?"

"अगं, दलाल म्हणाला घर चांगलं आहे, फक्त बंद राहून कोंदटलंय, जरा पुसून घ्या—"

"तो म्हणाला?"

"तो नाही," सासू म्हणाली. तिला लपवाछपवी जमायची नाही, किंवा तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "मीच म्हटलं याला. सूनबाईला तिच्या कामावरचाच वास आवडतो, त्यानेच पुसू या. त्याने भिंती घेतल्या, कपाटं मी पुसली. कंबर धरली माझी! आणि तू म्हणालीस, हेच घ्या. मला इतकं बरं वाटलं."

"आई, तुम्हाला वास येत नाही."

"म्हणून तर हात आखडता घेतला नाही."

नाकवालीने नवऱ्याकडे पाहिलं. "आणि तुम्हाला? तुम्हाला येत होता."

"येत होता," तो म्हणाला. ताट त्याने पुढे सरकवलं. "पुसायला मी दोन दिवस सकाळी आलो होतो इथे. आला. पण अजून किती घरं बघायची? तो जिना अंधारा, आई एकदा पडली. तुला कुठलंच पसंत नाही. मला वाटलं, एकदा राहायला आलो की होईल. सगळ्यांना होतं."

"काय होतं?"

तो उठला आणि हात धुवायला गेला. त्याच्या हातांना लिफ्टच्या ग्रीसचा वास असायचा, तो तिला लग्नापासून आवडायचा. कधी बोलली नव्हती. त्या दिवशी त्याने जवळून जाताना खांद्याला हात लावला तर तिने खांदा आक्रसून घेतला.

*

पण टेबलाचा नाद तिने सोडला नव्हता. तिने पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घेतला, कामाचे कपडे त्यात बंद करून हॉटेलातच ठेवले. लवकर पोचून तिथल्या मोरीत अंघोळ करायची, केस दोनदा धुवायची, नखांत ब्रश घालायची. सुपरवायझरबाईंना जाऊन भेटली. त्या म्हणाल्या, "बघू. थोडे दिवस जाऊ देत. मी स्वतः हुंगेन. वास नसला तर टेबल तुझं, कारण तिथे आता जी आहे तिला कांदा आणि केरोसीन यातला फरक कळत नाही."

थोडे दिवस गेले. एका सकाळी ती उठली आणि जिभेवर काही नव्हतं. सज्ज्यात आली. पोटभर श्वास घेतला. काही नाही! हवा नुसती गार.

"आज वारा नाही!" ती आत येऊन म्हणाली. कितीतरी दिवसांनी नवऱ्याशी आपणहून बोलली.

लिफ्टवाला दाढी करत होता. आरशात त्याचा हात थांबला. समोरच्या सगळ्या दोऱ्या रिकाम्या होत्या, सगळ्या खिडक्या बंद. नाकवालीच्या ते लक्षातच आलं नाही. ती गुणगुणत बसथांब्यावर गेली.

हॉटेलात तिने अंघोळ केली, डब्यातले कपडे घातले आणि थेट बाईंपुढे जाऊन उभी राहिली. "बघा, बाई."

बाई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. हात नाकाशी गेला. "अगं, आज तर कहर आहे! झोपतेस कुठे, हाडांत?"

"नाही बाई, आज वाराच नव्हता."

"मला नको सांगू. दार लाव जाताना."

ती बाहेर येऊन भिंतीला टेकली. वेणी पुढे ओढून नाकावर दाबली. बाही हुंगली. तळवा हुंगला. काही नाही. कोरं. त्या दिवशी चौथ्या घरात होतं तसंच कोरं.

मग तिला पडदा आठवला, आणि नवऱ्याचं न बोललेलं वाक्य. वारा होता. वारा आहे. तिच्यातच राहायला आलाय. जगभरची घाण ओळखणारं हे नाक, ज्याच्यावर तिने अख्खं आयुष्य तोललं, ते इतकं लाचार निघालं. चार महिने रोज तेच भरवलं तर म्हणालं, चालेल, आपलंच आहे. हाडं काय, चरबी काय, आपलंच आहे. मालकाची, दलालाची, नवऱ्याचीही तिला इतकी शिसारी आली नव्हती. ती मळक्या बाजूच्या मोरीपर्यंत धावली आणि भडभडून ओकली. त्या ओकारीचाही वास तिला चांगला आला. बाकी सगळे वास येत होते.

मुकादमीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हातमोजा काढून ठेवला, एवढं मात्र केलं. "नाही ना घेतलं?"

"नाही."

"चल. गोणी पडल्यात."

*

पुढच्या सुट्टीला सकाळी जिन्यात पुठ्ठ्याच्या झाडाचा वास आला. दलाल. बरोबर एक तरुण जोडपं. नवऱ्याच्या कडेवर झोपलेलं पोर, बाईच्या हातात पिशवी. समोरचं घर बघायला आले होते. दलालाने यांनाही दुपारीच या म्हटलं असणार, पण त्या दोघांना दुपारी कामावर जायचं असावं.

"आणि या आमच्या वहिनी!" नाकवाली दारात दिसताच दलालाने संधी साधली. "यांच्याकडून घ्या दाखला. नाकाच्या भलत्या चोखंदळ! हुंगून हुंगून घर घेतलंय यांनी. काय वहिनी?"

नाकवालीने या क्षणाची वाट पाहिली होती. बसमध्ये, मोरीत, गोण्यांवर वाकून तिने हे बोलणं कितीदा रचलं होतं. ही माणसं येतील, आणि ती त्यांना सगळं सांगेल, हाडं, चरबी, वारा, फुलं, सगळं, दलालाच्या तोंडावर.

"ताई," ती तरुण बाई पुढे आली. "इथे वास वगैरे?"

नाकवालीने श्वास घेतला. शेजारणीच्या दोऱ्या रिकाम्या होत्या. खिडक्या बंद होत्या. आतून सासू विचारत होती, "कोण आलंय गं? बसायला सांग."

"मला येत नाही," ती म्हणाली. खरं होतं ते. दलालाचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला पाहून तिच्या अंगावर काटा आला. "पण माझ्या नाकावर जाऊ नका. माझं नाक गेलं. इथे हाडं उकळतात, ओढ्यापलीकडे. आत्ता या क्षणी वास आहे. असणारच. या माणसाला विचारा, याच्याकडे बघा, तोंडाने श्वास घेतोय."

"वहिनी!" दलाल म्हणाला.

"घर घेऊ नका. कपड्यांना लागतो, केसांना लागतो, पोराला लागेल. कामावरची माझी जागा गेली याने."

लिफ्टवाला आतून दारापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. शेजारणीच्या दाराची फट थोडी रुंदावली. ती तरुण बाई मात्र दचकली नाही, दलालावर चिडलीही नाही. तिने पोराच्या तोंडावरचा रुमाल नीट केला. तेव्हा नाकवालीला दिसलं, रुमाल ओला होता. बसमधून उतरल्यापासूनच बांधलेला असणार.

"येतोय हो," ती हळू आवाजात म्हणाली. "मला येतोय. थांब्यावरच आला. पण आम्हाला परवडेल असं हे शेवटचंच घर राहिलंय. मी वेगळंच विचारत होते." तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा हिच्याकडे. "सवय होते ना?"

नाकवालीला खोटं बोलता आलं असतं. 'नाही' या एका शब्दाने ही बाई जिना उतरून गेली असती.

"होते," ती म्हणाली. "अगदी होते."

बाईने सुटकेचा श्वास टाकला, तोंडाने. दलाल किल्ल्या खुळखुळवत समोरचं दार उघडायला वळला. नाकवाली वाकली, उंबऱ्याबाहेर थुंकली, आणि तिला कळेना, आपण नेमकं कशावर थुंकलो.